लहान उद्यानातील नऊ बास्केटचे डिस्क गोल्फ मैदान: डावीकडे वळणारी डिस्क आणि पायवाटेवरची माणसे

उद्यानखेळी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वस्तीजवळच्या सार्वजनिक उद्यानात डिस्क गोल्फच्या, म्हणजे चपटी डिस्क कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकण्याच्या खेळाच्या, नऊ बास्केट बसवलेल्या आहेत आणि गेले तीन महिने मी आठवड्यातून दोन-तीनदा तिथे खेळते आहे. सर्वांत लहान होल (टीपासून, म्हणजे पहिली फेक करण्याच्या जागेपासून, बास्केटपर्यंतचा टप्पा) साधारण 35 मीटरचे आहे, तर सर्वांत लांबचे 80 मीटरच्या आसपास आहे. मैदान वेगळे कुंपण घालून राखलेले नाही. त्याच हिरवळीवर मुले खेळतात, बाकांवर लोक बसलेले असतात, आणि उद्यानाला वळसा घालणारी फिरण्याची वाट चौथ्या व सातव्या होलच्या अगदी कडेने जाते.

मी उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढून, फेकते. सुरुवातीला एका परिचिताने ‘ही सर्वांत लांब जाते’ असे सांगून जी डिस्क सुचवली तीच अजून वापरते; तिच्यावर 12, 5, -1, 3 असे आकडे छापलेले आहेत. माझी प्रत्येक फेक सुरुवातीला सरळ निघते, पण शेवटच्या तिसऱ्या भागात ती डावीकडे कलते आणि जमिनीवर आपटून आणखी पुढे घसरत जाते. चौथ्या होलवर फिरण्याची वाट डाव्या बाजूलाच, फेकीच्या पट्ट्यापासून, म्हणजे फेअरवेपासून, जेमतेम आठ-दहा मीटरवर आहे. मागच्या आठवड्यात माझी डिस्क अशीच वळली आणि वाटेवरून चालत असलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या दोन पावले पुढून, गुडघ्याच्या उंचीवरून गेली. ते काही बोलले नाहीत, केवळ जागच्या जागी थांबले. मी धावत जाऊन त्यांची क्षमा मागितली, परंतु तेव्हापासून त्या टीवर उभे राहिले की माझा हात मोकळा होत नाही.

माझे प्रश्न असे. डिस्क दर वेळी डावीकडेच का जाते, आणि त्यावर उपाय म्हणून मी मुळातच उजवीकडे नेम धरावा का? वाटेवर सतत माणसे असताना अशा होलवर खेळण्याची योग्य रीत कोणती? आणि तिसरा प्रश्न विचारताना थोडा संकोच वाटतो, पण विचारते: अधिक अनुभवी खेळाडू म्हणतात की एवढ्या लहान मैदानावर शिकण्यासारखे काही नसते, खरा खेळ मोठ्या मैदानावरच कळतो. मला हे उद्यान आवडते आणि रोजच्या धावपळीत तिथेच पोहोचणे शक्य आहे. इथे खेळून मी नीट शिकू शकेन का?

सावकाशफेक

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी आपण स्वतःच लिहिलेल्या त्या चार आकड्यांत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पहिला आकडा वेगाचा आहे. डिस्क किती वेगाने जाईल हे तो सांगत नाही. तिच्यासाठी ठरवलेल्या रीतीने उडण्याकरिता तिला किती वेगाने फेकावे लागेल, हे तो सांगतो. 12 हा आकडा असलेला ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीसाठीची डिस्क, धारदार आणि रुंद कडेचा असतो, आणि त्याला जो वेग लागतो तो अनेक महिन्यांच्या, बहुधा काही वर्षांच्या सरावानंतर हातात येतो. दुसरा आकडा हवेत तरंगत राहण्याचा. तिसरा, म्हणजे टर्न, हा डिस्क पूर्ण वेगात असताना उजवीकडे किती कलेल याचा, आणि चौथा, फेड, हा वेग ओसरल्यावर ती डावीकडे किती ओढली जाईल याचा. ही दिशा उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी सांगितलेली असते. आपली डिस्क पुरेशा वेगाने निघतच नसल्यामुळे तिच्या उड्डाणाचा पहिला भाग आपल्या वाट्याला येत नाही आणि चौथ्या आकड्यातला 3 तेवढा पुरेपूर येतो.

याचे कारण समजून घेतले तर पुढचे सर्व सोपे होते. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग कमी झाला की हवेचा उचलणारा जोर डिस्कच्या मध्यबिंदूच्या पुढे सरकतो आणि तिचे नाक, म्हणजे पुढची कड, वर ढकलू पाहतो. एखादी स्थिर वस्तू अशा जोराने नुसती मागे कलली असती, पण भोवऱ्यासारखी फिरणारी वस्तू जोराला काटकोनातल्या दिशेने उत्तर देते, आणि म्हणून डिस्क मागे न कलता डाव्या कुशीवर कलते. डावखुऱ्या माणसाच्या बॅकहँडमध्ये फिरण्याची दिशा उलटी असल्याने तीच डिस्क उजवीकडे ओढली जाते. यात आपल्या हाताचा दोष फारसा नाही. डिस्क तिच्या घडणीप्रमाणे वागते आहे.

उजवीकडे नेम धरावा का, या प्रश्नाला माझे उत्तर सध्यापुरते स्पष्ट ‘नाही’ असे आहे. बाहेरून आत वळत येणारी फेक, जिला हायझर म्हणतात, ती या खेळातली अत्यंत उपयोगी फेक आहे आणि आपण ती पुढे शिकालच. परंतु धारदार कडेचा ड्रायव्हर जेव्हा तिरपा होऊन जमिनीला टेकतो तेव्हा तो थांबत नाही, घसरत डावीकडे आणखी काही मीटर जातो, आणि आपल्या चौथ्या होलवर तेवढेच काही मीटर माणसांच्या वाटेपर्यंतचे अंतर आहे. नेम उजवीकडे हलवल्याने डिस्क कुठे पडेल ते बदलेल, पण ती कशी पडेल ते बदलणार नाही.

तो ड्रायव्हर काही महिने पिशवीत ठेवून द्यावा आणि एक पटर (बास्केटजवळच्या फेकीसाठीची डिस्क) व एक मिडरेंज (मध्यम अंतराची डिस्क) घ्यावी. पटरचा पहिला आकडा साधारण 2 किंवा 3 असतो, मिडरेंजचा 4 किंवा 5. आणि चौथा आकडा 0 किंवा 1 असलेल्या निवडाव्यात. अशा डिस्कची कड गोलसर व जाड असते, ती मध्यम वेगातही सरळ उडते आणि खाली येताना बहुतेक वेळा मऊपणे बसते. आज ज्यांना आपण ड्रायव्हर म्हणतो त्या तिरप्या धारेच्या डिस्क 1983 नंतर आल्या. त्याआधीचे खेळाडू गोल कडेच्या डिस्कवरच सारे मैदान खेळत असत. 35 ते 80 मीटरच्या मैदानावर नवख्या माणसालाही पटर आणि मिडरेंज यांच्यापलीकडे काही लागत नाही.

फेकताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे आणि तीही एका वेळी एकच. सुरुवातीला धावत येऊन किंवा पावले टाकून फेकू नये; टीवर लक्ष्याला खांदा करून उभे राहावे, वजन मागच्या पायावर घ्यावे आणि ते पुढच्या पायावर येऊन स्थिरावल्यानंतरच हात ओढला जावा. डिस्क छातीच्या उंचीवरून, शरीराजवळून, सरळ रेषेत ओढावी. ती अर्धवर्तुळात फिरवली की नेमका कोणत्या क्षणी सुटेल हे हातात राहत नाही. तिसरी गोष्ट नवख्यांच्या लक्षात सर्वांत उशिरा येते, ती म्हणजे डिस्कचे नाक. सुटताना पुढची कड थोडीशी जरी वर उचललेली असेल तर डिस्क वर चढते, हवेत अडखळते आणि डावीकडे कोसळते. बरणीवर झाकण फिरवताना मनगट जसे हलके पुढे वळते, तसे ते ठेवल्यास नाक खाली राहते. डिस्क हवेत थरथरत जात असेल तर जोर कमी करावा. थरथर थांबली की कमी जोरातही ती पूर्वीपेक्षा लांब जाते, हा अनुभव आपल्याला पहिल्याच आठवड्यात येईल.

वाऱ्याबद्दल एवढेच सांगतो की समोरून वारा असताना डिस्कला तो अधिक वेगासारखा लागतो, म्हणून ती उजवीकडे अधिक कलते. मागून वारा असेल तर फेड वाढतो आणि डिस्क लवकर खाली येते. मागून वारा असलेल्या दिवशी चौथ्या होलवर विशेष जपावे.

हिरवळनिगा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. एका लहान उद्यानातील मैदानाची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी मी एक आहे, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

ते गृहस्थ काही न बोलता थांबले, हे वाचून मला फार वाईट वाटले, कारण मैदानाविषयी तक्रार करणारी माणसे आम्हाला भेटतात, पण न बोलता वाट बदलणारी माणसे कधीच भेटत नाहीत. उद्यान आधी त्यांचे आहे. खेळाच्या अधिकृत नियमांतही हेच आहे: फेकलेली डिस्क दुसऱ्या खेळाडूचे लक्ष विचलित करणार नाही आणि तिथे असलेल्या कोणालाही इजा करू शकणार नाही, याची खात्री होईपर्यंत खेळाडूने फेकायचे नसते. या नियमाचा मोठा भाग ‘खात्री’ या शब्दात आहे. ‘बहुधा लागणार नाही’ असे वाटणे म्हणजे खात्री नव्हे.

एक साधा हिशेब मी प्रत्येक नव्या खेळाडूला सांगतो. 60 मीटरची फेक हवेत सुमारे तीन सेकंद असते. तेवढ्या वेळात सावकाश चालणारा माणूस चार मीटर पुढे येतो, आणि धावणारे मूल त्याच्या दुप्पट किंवा अधिक. म्हणजे आपण फेकतो तेव्हा जी जागा रिकामी दिसते ती डिस्क पोहोचेपर्यंत रिकामी राहीलच असे नाही. म्हणून केवळ वाटेकडे पाहू नये. वाटेच्या दोन्ही टोकांकडे, आणि डिस्क घसरत जाऊ शकेल त्या पट्ट्याकडेही पाहावे. 170 ते 175 ग्रॅम वजनाची कडक कडेची वस्तू डोक्याला लागली तर गंभीर दुखापत होते, आणि वृद्ध माणसाला तर ती न लागता केवळ दचकून पडल्यामुळेही होऊ शकते.

प्रत्यक्षात आम्ही असे करतो. वाटेवर कोणी असेल तर थांबतो, आणि थांबलो आहोत हे त्यांना दिसावे म्हणून डिस्क खाली धरून बाजूला उभे राहतो. हातात डिस्क उगारून थांबलेल्या खेळाडूसमोरून चालणे कोणालाही नकोसे वाटते, आणि लोक मग घाईने चालतात किंवा ‘तुम्ही फेका’ म्हणून उभे राहतात. कोणी तसे म्हटले तरी आम्ही नम्रपणे त्यांनाच आधी जायला सांगतो. दोघे खेळत असलो तर एकजण पुढे जाऊन वाटेच्या वळणावर, फेकीच्या रेषेबाहेर, उभा राहतो आणि हात वर करून वाट मोकळी असल्याची खूण करतो. एकटे असताना गर्दीच्या वेळी ते होल सोडून पुढच्यावर जाण्यात काहीही कमीपणा नाही. एवढे करूनही डिस्क भरकटली तर त्याच क्षणी मोठ्याने ओरडावे. या खेळात ‘फोर’ असे ओरडण्याची प्रथा आहे, पण फिरायला आलेल्या माणसाला त्या शब्दाचा अर्थ माहीत नसतो, म्हणून आम्ही ‘सांभाळा’ असेच ओरडतो.

मात्र सारा भार खेळाडूवर टाकणे मला योग्य वाटत नाही. आपण वर्णन केलेल्या चौथ्या होलची मांडणीच सदोष आहे. बहुसंख्य खेळाडू उजव्या हाताने बॅकहँड फेकतात आणि त्यांच्या चुकलेल्या फेकी डावीकडे व लांब जातात. अशा होलच्या डाव्या कडेला, डिस्क जिथे खाली येते नेमक्या त्याच टप्प्यावर, फिरण्याची वाट असू नये. उद्यानाची व्यवस्था पाहणाऱ्यांना लेखी विनंती करावी आणि ती करताना तक्रारीबरोबर तोडगाही द्यावा. बहुतेक वेळा संपूर्ण होल हलवण्याची गरज नसते. टी दहा-पंधरा मीटर सरकवून फेकीची रेषा वाटेपासून दूर वळवता येते, किंवा बास्केट अलीकडे आणून होल इतके लहान करता येते की कोणी ड्रायव्हर काढणारच नाही. आमच्या मैदानावर 75 मीटरचे एक होल आम्ही 48 मीटरचे केले. सुरुवातीला काही खेळाडू नाराज झाले, पण बास्केटच्या उजवीकडे दोन झाडे येत असल्यामुळे आज तेच होल सर्वांत अवघड मानले जाते.

बास्केटची जागा अधूनमधून बदलण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते माझ्या जिव्हाळ्याचे आहे. एकाच जागी शेकडो पावले पडली की बास्केटभोवतीची माती दगडासारखी घट्ट होते, गवत मरते आणि पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. झाडांनाही डिस्कचा मार बसतो. कोवळ्या खोडाची साल एकाच उंचीवर पुन्हा पुन्हा सोलली गेली तर झाड वाळते. आम्ही रोपांभोवती उभे बांबू लावतो आणि प्रत्येक होलला बास्केटसाठी दोन जागा ठेवतो. आपल्याकडे असे स्वयंसेवक नसतील तर ही सुरुवात आपण करू शकता.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडा इतिहास सांगतो. कायमस्वरूपी उभारलेले पहिले डिस्क गोल्फ मैदान 1975 मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह या सार्वजनिक उद्यानात सुरू झाले. ते आखणारे एड हेड्रिक यांनीच पुढे साखळ्यांची बास्केट घडवली आणि 1976 मध्ये व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना स्थापन केली. त्याआधी लोक झाडे, खांब, दिव्यांचे स्तंभ अशा वस्तूंना लक्ष्य मानून खेळत आणि डिस्क लागली की नाही यावर वाद होत. साखळ्यांनी तो वाद मिटवला. या खेळाचा जन्मच इतरांबरोबर वाटून घेतलेल्या उद्यानात झालेला आहे. त्यामुळे आपल्या उद्यानातील खेळाला कोणी खोटा म्हणत असेल, तर त्यांचे ऐकू नये.

डावखुरी

मी डावखुरी आहे, त्यामुळे आपले चौथे होल माझ्यासाठी तुलनेने सोपे ठरले असते. माझा बॅकहँड वाटेपासून दूर, उजवीकडे संपतो. हे सांगण्याचे कारण असे की आपल्यालाही तो मार्ग उपलब्ध आहे. उजव्या हाताने फोरहँड, म्हणजे तळहात वर ठेवून अंगाच्या उजव्या बाजूने, फेकल्यास डिस्क उलट दिशेने फिरते आणि शेवटी उजवीकडे ओढली जाते. म्हणजे डावीकडे वाट असलेल्या होलवर आपली चूकही वाटेपासून दूर जाईल.

सावकाशफेक यांच्या एका मुद्द्याशी मात्र माझा थोडा मतभेद आहे. पटर सर्व ठिकाणी सुरक्षित, असा समज वाचणाऱ्याचा होऊ नये. सरळ उडणारी हलकी पटर फार जोरात फेकली, विशेषतः समोरच्या वाऱ्यात, तर ती उलट्या बाजूला, म्हणजे आपल्या बाबतीत उजवीकडे, कलते आणि तशीच वाहत जाते. कधी कधी कडेवर उभी राहून चाकासारखी धावतही जाते. आपल्या सातव्या होलच्या कडेनेही वाट आहे असे आपण लिहिले आहे. ती कोणत्या बाजूला आहे हे पाहूनच डिस्क आणि फेक निवडावी.

फोरहँडचा सराव उद्यानात करू नये. रिकामे मैदान पाहून, कोणी नसताना, हळूहळू सुरुवात करावी. मनगट व कोपर यांच्या झटक्यावर ही फेक चालते, आणि शरीर गरम न करता एका बैठकीत पन्नास फेकी केल्या तर कोपर दुखावतो. मी स्वतः पहिल्या महिन्यात ही चूक केली आणि पुढचे सहा आठवडे खेळू शकले नाही. कोपर अंगाजवळ ठेवावा, तळहात आकाशाकडे राहील असे पाहावे, आणि वीस-पंचवीस फेकींनंतर थांबावे.

उद्यानखेळी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी सरळ उडणारी एक पटर आणि एक मिडरेंज घेतली आणि गेल्या दोन आठवड्यांत केवळ याच दोन डिस्कवर पाच फेऱ्या खेळले. पावले न टाकता, उभ्यानेच फेकते आहे. पहिल्या दिवशी अंतर कमी झाल्यासारखे वाटले, पण तिसऱ्या फेरीपासून पटर 40 मीटरपर्यंत सरळ जाऊ लागली आणि जिथे पडली तिथेच राहू लागली. चौथ्या होलवर मी आता दोन टप्प्यांत जाते: पहिली फेक मुद्दाम वाटेच्या अलीकडे ठेवते आणि दुसरी तिथून बास्केटकडे.

आता नवी अडचण उभी राहिली आहे. बास्केटच्या जवळ पोहोचते, आणि सहा-सात मीटरवरून दोन-दोन वेळा चुकते. सर्व होलचे पार, म्हणजे अपेक्षित फेकींची संख्या, तीन आहे आणि माझी नऊ होलची बेरीज 36 च्या आसपास येते, म्हणजे पारपेक्षा नऊ जास्त. शिवाय पट, म्हणजे बास्केटमध्ये टाकण्यासाठी जवळून केलेली फेक, करताना पाय कुठे ठेवायचा, तोल पुढे गेला तर काय, याबद्दल सोबतचे खेळाडू वेगवेगळे सांगतात. कोणी नीट समजावून सांगेल का?

साखळीनाद

आपण प्रत्येक होलवर सरासरी चार फेकी घेत आहात आणि त्यातली वाया जाणारी फेक कोणती हे आपण स्वतः ओळखले आहे. नवखे खेळाडू लांब फेकीच्या मागे लागून हे ओळखायला फार वेळ घेतात. लहान मैदानाचा मोठा लाभ हाच आहे की तिथे पटची संधी पुन्हा पुन्हा येते.

आधी नियम. बास्केटपासून 10 मीटरच्या आत असताना केलेली फेक पट मानली जाते. तिथे डिस्क सोडल्यानंतर आपला तोल आपल्या ताब्यात आहे हे दिसले पाहिजे, आणि तोवर खुणेच्या पुढे पाऊल पडता कामा नये. फेकीच्या जोराने पुढे जाऊन पाऊल टाकले तर ती चूक धरतात. 10 मीटरच्या बाहेर पाऊल पुढे पडले तरी चालते, मात्र डिस्क हातातून सुटण्याच्या क्षणी एक आधार खुणेच्या मागे, 20 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर लांब अशा आयताला टेकलेला असावा लागतो. खूण म्हणजे पडलेल्या डिस्कच्या समोर, बास्केटच्या बाजूने, तिला लावून ठेवलेली छोटी मिनी डिस्क. ती ठेवली की मूळ डिस्क उचलता येते. मिनी नसेल तर पडलेली डिस्क तशीच राहू द्यावी आणि तिच्या मागून दुसरीने पट करावा, ती रीतही नियमात बसते.

आता पट. मी ज्या ज्या लोकांना शिकवले त्यांच्यापैकी बहुतेकांची चूक एकच होती: ते बास्केटकडे पाहत होते. बास्केट ही फार मोठी वस्तू आहे. तिच्यातली एक साखळी निवडावी. उजव्या हाताच्या खेळाडूने मध्यखांबाच्या किंचित उजवीकडची निवडावी, कारण पोहोचता पोहोचता डिस्क थोडी डावीकडे येतेच. डिस्क हातातून सुटून साखळ्यांना लागेपर्यंत डोळे त्या साखळीवरून हलवू नयेत. बोटे डिस्कच्या खाली पंख्यासारखी पसरावीत, अंगठा वर हलका ठेवावा, आणि हात लक्ष्याकडे पूर्ण उघडून बोटे ताठ होईपर्यंत न्यावा, जणू कोणाला हस्तांदोलनासाठी हात पुढे करतो आहोत. जोर खांद्यातून काढण्यापेक्षा मागच्या पायावरून पुढच्या पायावर येणाऱ्या वजनातून मिळवावा. सहा मीटरवरून चुकणारा पट बहुधा दिशेने चुकत नाही, उंचीने चुकतो: तो साखळ्यांखालच्या जाळीदार तबकाच्या कडेला खालून आपटतो. त्या कडेची उंची जमिनीपासून सुमारे 82 सेंटिमीटर असते आणि साखळ्या तिच्या वर असतात, म्हणून नेम नेहमी कडेच्या वर असावा.

सरावासाठी मी एक पद्धत सुचवतो, जी मला स्वतःला उपयोगी पडली. तीन मीटरवर उभे राहून सलग दहा पट आत जाईपर्यंत मागे सरकू नये. दहा झाले की एक मोठे पाऊल मागे. दोनदा लागोपाठ चुकले की एक पाऊल पुढे. पहिल्या दिवशी आपण चार मीटरच्या पुढे जाणार नाही, आणि त्यात खंत वाटून घेऊ नये. तीन-चार मीटरवरचा पट डोळे मिटून विश्वास ठेवावा इतका पक्का झाला की लांबचा पट करताना ‘चुकला तर पुढे जाईल’ ही भीती उरत नाही, आणि ती भीतीच हात आखडायला लावत असते. सराव सकाळी लवकर, कोणी फेरी खेळत नसताना करावा. मागून खेळाडू येताना दिसले की बास्केट सोडून त्यांना पुढे जाऊ द्यावे.

पारच्या आकड्याचा फार विचार करू नका. 35 मीटरच्या आणि 80 मीटरच्या होलला एकच पार देणे ही लहान मैदानांची सोय असते. त्यापेक्षा प्रत्येक होलवरचे आपलेच मागचे आकडे वहीत लिहून ठेवा आणि पटची संख्या वेगळी लिहा.

उद्यानखेळी

साखळीनाद यांनी सांगितलेली पद्धत तीन आठवडे केली. आता पाच मीटरपर्यंत पोहोचले आहे. सहाव्या मीटरवर अजून परत यावे लागते. वहीप्रमाणे कालच्या फेरीत 31 फेकी झाल्या, त्यांपैकी 14 पट होते. दुसऱ्या होलवर पहिली बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फेक कमी, मिळाली.

चौथ्या होलबद्दल उद्यानाच्या व्यवस्थेला पत्र दिले आहे आणि सोबत टी कुठे सरकवता येईल याचा हाताने काढलेला नकाशा जोडला आहे. उत्तर येईपर्यंत आम्ही चौघांनी मिळून ते होल जुन्या टीवरून न खेळता वाटेपासून दूर असलेल्या बाकाजवळून खेळायचे ठरवले आहे. काल ते वृद्ध गृहस्थ पुन्हा दिसले. मी डिस्क खाली धरून बाजूला उभी राहिले. ते माझ्यापाशी येऊन थांबले आणि साखळ्यांचा आवाज रोज ऐकू येतो, पण डिस्क आत जाताना कधी नीट पाहिली नाही, असे म्हणाले. मी त्यांना बास्केटपाशी घेऊन गेले आणि चार मीटरवरून पट केला. पहिला कडेवर आपटला, दुसरा आत गेला. त्यांनाही एकदा फेकून पाहायचे होते, तेव्हा पटर त्यांच्या हातात दिली.

एक शंका राहिली आहे. बांबू लावताना ते खोडापासून किती अंतरावर असावेत, आणि साल आधीच सोलली गेली असेल तर तिथे काही लावावे की तसेच राहू द्यावे, हे हिरवळनिगा यांनी सांगितल्यास सातव्या होलजवळच्या दोन रोपांना या महिन्यातच आधार देता येईल.

हिरवळनिगा

बांबू खोडाला टेकू देऊ नयेत. चारही बाजूंनी साधारण एक वीत अंतर सोडून, मुळांना धक्का न लावता रोवावेत आणि डिस्क ज्या दिशेने येते त्या बाजूला ते अधिक दाट असावेत. उंची माणसाच्या खांद्याएवढी पुरेशी होते. सोललेल्या जागेवर काहीही लेपू नये. लोंबणारे सालीचे तुकडे धारदार, स्वच्छ सुरीने हलकेच कापून काढावेत आणि जखम उघडीच ठेवावी, झाड स्वतःच कडेने नवी साल धरते. बुंध्याभोवती सुक्या पानांचा थर पसरावा, पण तोही खोडाला चिकटवू नये. माती घट्ट झाली असेल तर आधी तिथे येण्याजाण्याची वाट बदलावी लागेल, म्हणून बास्केटची दुसरी जागा कुठे करता येईल याचाही नकाशा काढून ठेवा. पत्राचे उत्तर आले की तो लगेच देता येईल.